मिटत जाणारे तोंड : दोष अस्तराचा की चावण्याच्या स्नायूंचा?

वऱ्हाडात हिवरखेड नावाची एकाहून जास्त गावे आहेत. एक अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. दुसरे अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात. विदर्भातल्या बहुतेक गावांप्रमाणे इथेही खर्रा ही रोजच्या व्यवहारातली वस्तू आहे. सुपारीची बारीक कात्रण, तंबाखू आणि चुना पन्नीवर एकत्र घोटायचा, त्याची पुडी बांधायची आणि दिवसभर थोडा थोडा गालफडात धरायचा. वर्षानुवर्षे तो खाणाऱ्यांपैकी काहींना आधी तिखट झोंबू लागते. मग गाल आतून निबर होतो, आणि पुढे भाकरीचा घास तोंडात जाईनासा होतो. भाकर वरणात कुस्करून, पातळ करून खाण्याची वेळ येते. या आजाराला वैद्यक ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणते. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय, अमरावतीचे दंत महाविद्यालय आणि वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथील शरद पवार दंत महाविद्यालय या तिन्ही ठिकाणी हे रुग्ण नित्याचे आहेत.

हा आजार सुपारीने होतो, याबद्दल आता गंभीर मतभेद उरलेला नाही. वाद आहे तो पुढच्या प्रश्नावर. तोंड उघडत नाही ते नेमके कशामुळे? तोंडाचे आतले अस्तर आणि त्याखालची उती आक्रसते म्हणून, की जबडा हलवणारे स्नायूच बिघडतात म्हणून? प्रश्न शरीररचनेच्या पुस्तकातला वाटतो, पण शस्त्रक्रियेत काय कापायचे, व्यायामाने काय ताणायचे आणि गावात काय मोजायचे हे त्याच्या उत्तरावर ठरते. आजवर तो बहुधा ‘हे की ते’ अशा रीतीने मांडला गेला. कोणत्या रुग्णात, कोणत्या टप्प्यावर, कोणाचा वाटा किती, असा तो विचारला तर हाती असलेला पुरावा परस्परविरोधी राहत नाही. या आढाव्यातून मला हेच दाखवायचे आहे.

जबड्याची रचना

चावण्याचे स्नायू चार जोड्यांचे. दाढा घट्ट दाबून गालाच्या मागच्या बाजूला, कानाच्या पाळीखाली थोडे पुढे बोटे ठेवली, की एक जाड गाठ टरारून वर येते, तो मॅसेटर. गालाच्या हाडाच्या कमानीपासून तो निघतो आणि खालच्या जबड्याच्या कोपऱ्यावर बाहेरून बसतो. तसेच दाढा दाबून कानशिलावर बोटे ठेवली तर तिथे जो हलतो तो टेम्पोरॅलिस. हा कवटीच्या बाजूवर पंख्यासारखा पसरलेला असतो. त्याचे तंतू खाली येताना एकत्र होतात, गालाच्या कमानीखालून जातात आणि जबड्याच्या पुढच्या टोकदार उंचवट्यावर, म्हणजे कोरोनॉइडवर, बसतात. त्याच्या कंडरेचा काही भाग जबड्याच्या पुढच्या कडेने शेवटच्या दाढेच्या मागेपर्यंत उतरतो, ही बाब पुढच्या वादात फार महत्त्वाची आहे. तिसरा मेडियल टेरिगॉइड जबड्याच्या कोपऱ्यावर आतून बसतो. बाहेरून मॅसेटर आणि आतून हा, अशी जबड्याला धरणारी एक झोळीच तयार होते. चौथा लॅटरल टेरिगॉइड मात्र वेगळा. तो आडवा असून जबड्याच्या सांध्याला पुढे ओढतो, आणि तोंड उघडण्याच्या क्रियेत भाग घेतो. या चारही जोड्यांना चेतना मिळते ती पाचव्या कवटी-चेतेच्या तिसऱ्या शाखेकडून.

गालाच्या भिंतीतला बक्सिनेटर या यादीत येत नाही, कारण तो सातव्या चेतेचा, म्हणजे चेहऱ्याच्या स्नायूंपैकी आहे. पण घास दाढांखाली पुन्हा पुन्हा ढकलण्याचे काम त्याचे. खर्रा गालफडात धरला जातो तेव्हा तो ज्या अस्तराला चिकटून राहतो, त्या अस्तराच्या लगेच खाली बक्सिनेटर असतो. मॅसेटर त्याच्या मागे आणि बाहेर असतो, आणि दोघांमध्ये चरबीची गादी असते. म्हणजे सुपारीचा रस ज्या स्नायूला सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त भेटतो, तो औपचारिक अर्थाने चावण्याचा स्नायू नव्हे. स्नायू ‘बिघडतो’ असे म्हणताना कोणता स्नायू, हे सांगितले नाही तर चर्चा तिथेच फसते.

आणखी एक साधी गोष्ट नेहमी नजरेतून सुटते. मॅसेटर, टेम्पोरॅलिस आणि मेडियल टेरिगॉइड हे तोंड मिटवणारे स्नायू. तोंड उघडते तेव्हा त्यांना लांबावे लागते. ते लांबले नाहीत तर उघडणारे स्नायू कितीही निरोगी असोत, जबडा खाली येत नाही. शिवाय हे स्नायू पुढच्या दातांपेक्षा सांध्याच्या बरेच जवळ बसलेले आहेत. त्यामुळे त्यांच्या लांबण्यात एक मिलिमीटरची तूट आली, तर पुढच्या दातांपाशी ती त्याहून मोठी होऊन दिसते. निरोगी प्रौढाचे तोंड पुढच्या दातांमध्ये साधारण 35 ते 55 मिलिमीटर उघडते. त्यातली निम्मी जागा गेली म्हणजे आतली उती तितकीच आक्रसली, असा सरळ हिशेब मांडता येत नाही.

या रचनेचे ज्ञान पूर्ण झाले आहे असेही समजू नये. 1996 मध्ये बाल्टिमोरच्या संशोधकांनी डोळ्याच्या खोबणीमागून निघणारा एक स्वतंत्र चावण्याचा स्नायू सापडल्याचे मांडले. इतर शरीररचनातज्ज्ञांनी तो टेम्पोरॅलिसचाच आतला भाग मानला. 2021 च्या अखेरीस बाझेल विद्यापीठातील सिल्विया मेझाई आणि येन्स ट्युर्प यांच्या गटाने मॅसेटरचा एक तिसरा, सर्वांत खोल थर नीट वर्णन केला. हा थर कोरोनॉइडवर बसतो, हे त्यातले मर्म. पाठ्यपुस्तकांतून शतकभर शिकवल्या गेलेल्या स्नायूबद्दल एवढी गोष्ट अनिश्चित राहू शकते, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

मिरचीपासून सुपारीपर्यंत

आधुनिक वैद्यकात या आजाराची पहिली नोंद 1952 ची. श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये तोंडाचे अस्तर झिजून ताठर झाल्याचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानींचा ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ अशी मांडणी केली, आणि आजाराची गाठ अस्तराखालच्या थराशी घातली गेली. 1966 मध्ये कोपनहेगनचे येन्स पिंडबोर्ग आणि मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनी केलेली व्याख्या आजही दिली जाते. अस्तराला लागून दाह, मग त्याखालच्या थरात तंतूंची वाढ, वरच्या थराची झीज, आणि त्यातून ताठरपणा व तोंड न उघडणे, असा तिचा क्रम आहे. या व्याख्येत चावण्याच्या स्नायूंचे नाव नाही. व्याख्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या छोट्या तुकड्यांवर उभी होती, आणि ते तुकडे अस्तराचे होते. पुढची दोन दशके संशोधन त्याच थरात का अडकून राहिले, हे यावरून कळते.

कारणाचा शोध आधी मिरचीकडे गेला. भारतातल्या विकृतिशास्त्राचा आणि कर्करोग संशोधनाचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि डॉ. सिरसाट यांनी 1960 मध्ये, आहारात आधी फेरफार केलेल्या उंदरांच्या टाळूला मिरचीतले कॅप्सेसिन लावून तसे बदल घडवता येतात, असे दाखवले. ठेच्याशिवाय जेवण न होणाऱ्या वऱ्हाडात ही कल्पना पटण्याजोगी होती, कारण रुग्ण पहिली तक्रार तिखटाचीच करतो. पण भरपूर मिरची आणि सुपारी मुळीच नाही, अशा मेक्सिकोसारख्या देशांत हा आजार लोकांत आढळत नाही. तिखट झोंबते ते अस्तर आधीच पातळ आणि दुखरे झाल्यामुळे. म्हणजे आजाराचे लक्षण त्याच्या कारणाच्या जागी बसवले गेले होते. 1990 मध्ये सिनॉर, गुप्ता आणि सहकाऱ्यांनी भावनगरमध्ये केलेल्या तुलनात्मक अभ्यासात सुपारी चघळणाऱ्यांचा धोका न चघळणाऱ्यांच्या सुमारे 110 पट निघाला. तैवानमध्ये सुपारी तंबाखूशिवाय खाल्ली जाते, तरी तिथे हा आजार आहे; म्हणजे तंबाखू त्यासाठी आवश्यक नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने 2003 च्या बैठकीत सुपारीला स्वतंत्रपणे, तंबाखूविनाही, पहिल्या गटातले कर्करोगकारक ठरवले. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून डॉ. विनय हजारे आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मध्य भारतातल्या 1000 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका स्त्रीमागे सुमारे पाच पुरुष रुग्ण होते. 1952 ची नोंद पाच स्त्रियांची होती, हे ध्यानात घेतले तर आजार जात किंवा लिंग पाहून येत नाही, सवयीच्या मागे जातो, हे स्पष्ट होते.

पहिली बाजू : आक्रसते ते अस्तर

या बाजूचे म्हणणे सरळ आहे. सुपारीतले ॲरेकोलीन तंतू तयार करणाऱ्या पेशींना चेतवते. टॅनिन तयार झालेले कोलॅजन मोडू देत नाही. सुपारीत तांब्याचे प्रमाण बरेच असते, आणि कोलॅजनच्या तंतूंना एकमेकांत घट्ट गुंफणारे लायसिल ऑक्सिडेज हे विकर तांब्यावर चालते, हा दुवा लंडनमध्ये काम करणाऱ्या ट्रिवेडी, वर्णकुलसूर्य आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात पुढे आणला. निर्मिती जास्त, मोडतोड कमी, गुंफण घट्ट. याचा परिणाम म्हणून गालात उभे पट्टे तयार होतात. सर्वांत जाड पट्टा बहुधा शेवटच्या दाढेच्या मागे, वरच्या जबड्यापासून खालच्या जबड्याकडे जाणाऱ्या नैसर्गिक शिवणीच्या बाजूने असतो, आणि बोट आत घातले की तो स्पष्ट लागतो. जबड्यांमध्ये न ताणणारा पट्टा उभा असेल तर तोंड उघडणार नाही, हे समजायला स्नायूंची गरज नाही.

या बाजूला शस्त्रक्रियागृहातून भक्कम आधार मिळतो. दाढेच्या गळवामुळे जबडा आवळला असेल, तर भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यावर तो बहुधा सैल होतो, कारण तिथे स्नायूचा आकस असतो. सबम्यूकस फायब्रोसिसच्या रुग्णाचे तोंड मात्र पूर्ण भुलीतही उघडत नाही. त्यामुळे भूलतज्ज्ञांना नाकातून दुर्बिणीच्या साहाय्याने श्वासनळी घालावी लागते. दुसरा आधार असा, की गालातले पट्टे कापले की बऱ्याच रुग्णांचे तोंड टेबलावरच मोठे उघडते. सावंगीचे डॉ. राजीव बोरले आणि सहकाऱ्यांनी पट्टे कापून उघड्या पडलेल्या जागेवर नाकाच्या बाजूची त्वचा वळवून बसवण्याच्या पद्धतीचे अनुभव 2009 मध्ये मांडले. ही पद्धत आज विदर्भातच काय, देशभर वापरली जाते. अस्तर बदलल्याने तोंड उघडे राहते, तर दोष अस्तराचा, असा हा युक्तिवाद आहे.

दोन्ही पुरावे खरे आहेत. पण भुलीचा पुरावा जितके सिद्ध करतो असे मानले जाते, तितके तो करत नाही. शिथिल करणारे औषध स्नायूचा आकस घालवते. स्नायूतच तंतू वाढले असतील तर ते औषधाने विरघळत नाहीत. म्हणून भुलीत न उघडणारे तोंड ‘आकस नाही’ एवढेच सांगते. तंतू अस्तरात आहेत की स्नायूत, हा प्रश्न तसाच राहतो.

दुसरी बाजू : स्नायूही सुटत नाही

1985 मध्ये एल-लब्बान आणि कॅनिफ यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे पाहिले आणि स्नायुतंतूंचा मोठ्या प्रमाणावर ऱ्हास झालेला नोंदवला. पुढच्या वर्षी कॅनिफ, हार्वे आणि हॅरिस यांनी उपचाराची दिशा त्यावरून ठरवली. अस्तर मोकळे करण्यासोबत टेम्पोरॅलिसची कंडरा तोडावी किंवा कोरोनॉइड काढावा, असे त्यांनी सुचवले. भारतात याला बळ दिले ते मुंबईच्या जे. एन. खन्ना आणि एन. एन. आंद्राद यांच्या 100 रुग्णांवरच्या 1995 च्या लेखाने. तोंड किती मिलिमीटर उघडते यावरून त्यांनी केलेले टप्पे आजही रुग्णपत्रिकेवर लिहिले जातात: 35 च्या वर, 26 ते 35, 15 ते 26 आणि 15 च्या खाली. शेवटच्या टप्प्यांतल्या रुग्णांसाठी त्यांनी टाळूचे आवरण वळवून बसवण्यासोबत टेम्पोरॅलिस तोडणे आणि दोन्ही बाजूंचे कोरोनॉइड काढणे अवलंबले.

ही बाजू शरीररचनेशी नीट जुळते. टेम्पोरॅलिसची कंडरा दाढेच्या मागे जिथे उतरते, तिथेच सर्वांत जाड पट्टा असतो. अस्तराखालून आत सरकणाऱ्या तंतूंना चावण्याचा जो स्नायू सर्वांत लवकर सापडेल तो हाच. चावण्याचे स्नायू एकटेच तोंड बंद करू शकतात याचा वेगळा पुरावा रेडिओथेरपीतून येतो. डोक्या-मानेच्या कर्करोगात मॅसेटर आणि टेरिगॉइडवर पडलेल्या किरणांची मात्रा जितकी जास्त, तितका पुढे तोंड आवळण्याचा धोका जास्त. तिथे सुपारीचा संबंध नाही, गालात पट्टेही नसतात.

आक्षेपही तितकेच वजनदार आहेत. पहिला, तपासलेले स्नायूंचे तुकडे बहुधा बक्सिनेटर किंवा टाळूच्या स्नायूंचे असतात. मॅसेटरचा तुकडा काढण्याची वेळ क्वचित येते. जवळच्या स्नायूवरून दूरच्या स्नायूबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. दुसरा, महिनोन्‌महिने नीट न हललेला कोणताही स्नायू आपोआप आखडतो. प्लास्टरमधून निघालेल्या पायाचा अनुभव सगळ्यांना असतो. तेव्हा स्नायूतला बदल अस्तराच्या आजाराचा परिणाम असू शकतो. तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोरोनॉइड काढल्यावर तोंड उघडते, याचे सगळे श्रेय टेम्पोरॅलिसला दिले गेले. बाझेलचे वर्णन बरोबर असेल, तर त्याच उंचवट्यावर मॅसेटरचा खोल थरही बसतो. एकाच कापात दोन स्नायू सुटत असतील तर दोष त्यातल्या कोणाचा, हे त्या कापावरून ठरत नाही. हा माझा तर्क आहे. कोणी मोजून तो खोटा ठरवला तर ती चांगलीच गोष्ट होईल.

आधी कोण

दोन्ही बाजूंच्या मधे काळाचा प्रश्न उभा आहे. काही संशोधक म्हणतात, सतत चघळण्याने स्नायू थकतो, त्याचा ऊर्जासाठा संपतो, आजूबाजूच्या रक्तवाहिन्या तंतूंनी दबल्यामुळे पुरवठा कमी पडतो आणि स्नायू सुरुवातीपासूनच झिजत जातो. याची चाचपणी करण्यासाठी अल्ट्रासोनोग्राफी आणि स्नायूंची विद्युत क्रिया मोजणारी ईएमजी वापरली जाते. सावंगीच्याच संशोधकांनी 2014 मध्ये मॅसेटर, टेम्पोरॅलिसचा पुढचा भाग आणि ओठांभोवतीचा स्नायू या तिघांची जाडी व क्रिया रुग्णांत आणि निरोगी माणसांत मोजून तुलना केली. त्याच सुमारास इतरत्र झालेल्या अल्ट्रासोनोग्राफीच्या एका अभ्यासात रुग्णांचा मॅसेटर जाड झालेला आढळला. जाडीचा अर्थ मात्र दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने लावता येतो. सुपारी कठीण, ती फोडायला जोर लागतो, म्हणून स्नायू वाढला, असे एक जण म्हणेल. ताठर गालाशी झुंजताना स्नायू वाढला, असे दुसरा म्हणेल. वाढलेली जाडी स्नायूची की त्यात शिरलेल्या तंतूंची, हे साध्या सोनोग्राफीवरून सहज सांगता येत नाही.

नुसत्या जास्त चावण्याने एवढे होत नाही, हे मात्र ठामपणे म्हणता येते. झोपेत दात करकर खाणाऱ्यांचा मॅसेटर फुगतो, पण त्यांच्या गालात पट्टे येत नाहीत आणि तोंड असे कायमचे आवळत नाही. म्हणून चघळण्याचा ताण हे मूळ कारण मानण्याइतका पुरावा नाही. सुपारीच्या रसायनांना साथ देणारा घटक म्हणून तो विचारात घेता येतो. मला पटणारा क्रम असा आहे. आधी अस्तर आणि त्याखालचा थर. मग लगेच खाली असलेला बक्सिनेटर. त्यानंतर दाढेमागे टेम्पोरॅलिसची कंडरा. आणि शेवटी, बराचसा न हलल्यामुळे, मॅसेटर व मेडियल टेरिगॉइड. या क्रमाने पाहिले की पट्टे कापल्यावर काही रुग्णांचे तोंड लगेच का उघडते आणि काहींचे कोरोनॉइड काढेपर्यंत का उघडत नाही, याचे उत्तर मिळते. पहिले रुग्ण क्रमाच्या सुरुवातीला असतात, दुसरे शेवटाला.

पान, सुपारी आणि वऱ्हाड

वऱ्हाडापुरता या वादाला आणखी एक पदर आहे. अकोट, तेल्हारा आणि अंजनगाव सुर्जी या पट्ट्यात बारी समाजाने पिढ्यानपिढ्या पानमळे जोपासले, सोबत पानपिंपरीही घेतली. ‘आमचे आजे-पणजे चंची बाळगून जन्मभर विडा खात होते, त्यांची तोंडे का मिटली नाहीत?’ हा प्रश्न इथे रास्तपणे विचारला जातो. संशोधनात त्याला अंशतः दुजोरा आहे. भारतातल्या अनेक अभ्यासांत गुटखा-पानमसाला खाणाऱ्यांना विडा खाणाऱ्यांपेक्षा कमी वर्षांत आजार झालेला दिसतो. त्यावरून पानात संरक्षक गुण आहे, असे म्हटले जाते. प्रयोगशाळेत पानातल्या काही घटकांचे गुण दिसलेही आहेत, पण माणसांत ते सिद्ध झालेले नाहीत. दुसरे स्पष्टीकरण अधिक साधे आहे. अडकित्त्याने कातरलेली थोडी सुपारी पानात गुंडाळून जेवणानंतर खाणे वेगळे, आणि सुपारीच सर्वाधिक असलेली कोरडी पुडी शाळकरी वयापासून दिवसभर गालात ठेवणे वेगळे. एकूण मात्रा, सुरुवातीचे वय आणि अस्तराला चिकटून राहण्याचा वेळ, तिन्ही बदलले. पानमळ्यांच्या अर्थकारणाला या निष्कर्षाने धक्का बसत नाही. तरीही सुपारी घातलेला विडा निर्धोक आहे, असे म्हणायला आधार नाही.

महाराष्ट्र शासनाने जुलै 2012 मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आणली आणि ती पुढे वाढवत नेली. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत होते. हा तंबाखूचा आकडा आहे; नुसती सुपारी, गोड सुपारी खाणारी मुले त्यात येत नाहीत.

काय अनिर्णित आहे

सुपारी खाणाऱ्या सगळ्यांना हा आजार होत नाही. कोणाला होतो, यात आनुवंशिकतेचा वाटा किती, हे ठरलेले नाही. सवय सोडल्यावर पुढची वाढ थांबू शकते, पण बनलेले पट्टे बहुधा विरघळत नाहीत. स्नायूतले बदल तरी मागे फिरतात का, यावर मोजमापे फारच थोडी आहेत. उपचारांची स्थितीही फारशी बरी नाही. गालात स्टिरॉइड आणि हायल्युरोनिडेजची इंजेक्शने, लायकोपीन, पेंटॉक्सिफायलीन असे अनेक उपाय चालतात. 2008 मध्ये कॉक्रेन समूहाने आढावा घेतला तेव्हा त्यांच्या निकषांत बसणाऱ्या चाचण्या दोनच निघाल्या, आणि कोणत्याही उपायाच्या बाजूने खात्रीचे काही सांगता आले नाही. शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने तोंडाचा व्यायाम केला नाही तर तोंड पुन्हा मिटते, यावर मात्र सगळ्या शल्यचिकित्सकांचे एकमत आहे. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये सरकवायच्या आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची, हा स्वस्त उपाय दंत महाविद्यालये सर्रास शिकवतात. या काड्या अस्तर ताणतात की स्नायू, हे वेगळे करून पाहिले तर आपला मूळ प्रश्नही बराचसा सुटेल.

ते वेगळे करणे अशक्य नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच एक प्रयोग तयार आहे. भुलीत, पट्टे कापण्याआधी, कापल्यावर आणि कोरोनॉइड काढल्यावर, अशी तीन मापे प्रत्येक रुग्णात एकाच पद्धतीने नोंदली, तर अस्तराचा वाटा किती आणि स्नायूंचा किती हे मिलिमीटरमध्ये हाती येईल. उतीचा ताठरपणा मोजणारी इलॅस्टोग्राफी आता उपलब्ध आहे. तिने मॅसेटर आणि गाल वेगवेगळे मोजता येतात. नागपूर, अमरावती आणि सावंगी या तीन ठिकाणी मिळून जेवढे रुग्ण येतात, तेवढे जगात फार थोड्या ठिकाणी येत असतील. हा वाद सोडवण्याची सर्वांत चांगली संधी विदर्भाकडे आहे, आणि या तिन्ही संस्थांनी एका समान नोंदपत्रकावर एकत्र यावे, असे मला मनापासून वाटते.

यात उशीर परवडणारा नाही, कारण मिटलेल्या तोंडात डॉक्टरला आतले दिसत नाही. केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात 66 रुग्णांचा 17 वर्षे पाठपुरावा झाला. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 7.6 टक्के रुग्णांत कर्करोग झाला. वाद सुटेपर्यंत प्रत्येकाला घरी करता येण्याजोगी एक तपासणी आहे. आपल्याच हाताची तीन बोटे एकत्र उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती सहज जात नसतील, किंवा तिखट अलीकडे झोंबू लागले असेल, तर खर्रा आणि सुपारी, तंबाखू असो वा नसो, आजच बंद करावी आणि जवळच्या दंतवैद्याकडून तोंड किती मिलिमीटर उघडते ते मोजून कागदावर लिहून घ्यावे.